वाचकांचे प्रश्न : लायसन्स सोलापूरचं, रस्ता परदेशातला

उन्हाळा सरला की या सदराकडे परदेशी निघालेल्यांची पत्रं वाढतात. यंदा त्यातली बहुतेक एकाच विषयावर आहेत: एमएच-१३ चं लायसन्स तिकडे चालतं का, किती दिवस चालतं, आणि तिकडचं कसं मिळवायचं. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आपलं लायसन्स पुढे करायचं आणि चाचणी न देता तिकडचं घेऊन यायचं, अशी सोय खाली आलेल्या एकाही ठिकाणी नाही. चाचणी चुकत नाही, ती किती सवलतीत देता येईल एवढंच पाहायचं असतं. आणि ती सवलत बऱ्याचदा सोलापुरातल्या कागदांवर ठरते.

प्रश्न : मी इंजिनीअर आहे. दोन वर्षांच्या मास्टर्ससाठी सप्टेंबरमध्ये जर्मनीला, श्टुटगार्टला जातो आहे. लायसन्स २०१७ चं, मोटारसायकल आणि कार दोन्हीचं. इथून आंतरराष्ट्रीय परवाना काढला की वर्षभर निर्धास्त ना? जर्मन लायसन्स पुढे कसं काढायचं? एजंट म्हणतो, सगळं इथूनच होतं.
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : वर्षभर नाही, सहा महिने. आंतरराष्ट्रीय परवान्यावर, म्हणजे आयडीपीवर, एक वर्षाची मुदत छापलेली असते. पण जर्मनी तुमचं तिथलं वास्तव्य मोजते. तिथे राहायला लागल्यापासून ६ महिने भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते. सातव्या महिन्यात आयडीपीची मुदत शिल्लक असली तरी तिचा उपयोग नाही. बारा महिन्यांपर्यंत मुदतवाढ मिळू शकते ती ज्यांचा मुक्कामच वर्षाच्या आत आटोपणार आहे त्यांना. तुमचा कोर्स दोन वर्षांचा, तेव्हा तो रस्ता बंद. मुदतीनंतर चालवताना सापडलात तर पावती फाडून सुटका होत नाही. विनालायसन्स गाडी चालवणं हा तिथे फौजदारी गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद असलेला. विद्यार्थी व्हिसावर असताना अशी नोंद अंगाला लावून घेऊ नका.

तरीही आयडीपी काढून ठेवा. परिवहनच्या सारथी पोर्टलवर फॉर्म ४-ए भरायचा, फी १००० रुपये. पासपोर्ट, व्हिसा आणि लायसन्सच्या प्रती हाताशी ठेवा. (व्हिसाची अट २०२१ मध्ये नियमातून काढली, कारण काही देश व्हिसा विमानतळावरच देतात. पण तुमच्याकडे आहे तर जोडा, विचारणा वाचते.) आयडीपी हा लायसन्सचा अनुवाद आहे, स्वतंत्र लायसन्स नाही. मूळ कार्ड बरोबर नसेल तर त्या पुस्तिकेला किंमत नाही. मोबाईलमधलं डिजिलॉकरचं लायसन्स सात रस्त्यावरच्या पोलिसाला दाखवता येतं, जर्मन कार्यालयात त्याचा उपयोग नाही. कार्डाचा प्लास्टिक थर सुटला असेल किंवा अक्षरं पुसली असतील तर जाण्याआधी दुसरी प्रत काढा.

आता जर्मन लायसन्स. ज्या देशांना विनाचाचणी बदलून मिळतं त्यांच्या यादीत भारत नाही. तुम्हाला लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतील. सवलत मिळते ती शिकवणीत. तिथल्या नव्या उमेदवाराला थिअरीचे ठराविक वर्ग आणि १२ सक्तीच्या खास फेऱ्या कराव्या लागतात: ५ गावाबाहेरच्या रस्त्यावर, ४ ऑटोबानवर (म्हणजे तिथल्या द्रुतगती महामार्गावर), ३ अंधारात. वैध भारतीय लायसन्स असलेल्याला यातलं काहीच सक्तीचं नाही. पैशांत हा फरक फार मोठा पडतो. म्हणून ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पहिल्याच वाक्यात ‘उमश्रायबुंग’ (आहे ते परदेशी लायसन्स जर्मन करून घेणं) हवं म्हणून सांगा. नुसतं ‘लायसन्स काढायचंय’ म्हणालात तर नव्या उमेदवाराचं सगळं पॅकेज तुमच्या गळ्यात पडेल. स्कूल पूर्ण टाळता येत नाही. परीक्षेला दुहेरी पेडलची गाडी आणि शेजारी शिक्षक लागतो, तो तेच देतात.

क्रम असा ठेवा. पोहोचल्यावर नगरपालिकेत पत्त्याची नोंदणी. मग चष्म्याच्या दुकानात डोळ्यांची तपासणी, काही मिनिटांचं काम. प्रथमोपचाराचा कोर्स ४५ मिनिटांच्या ९ तासिकांचा असतो आणि बहुतेक ठिकाणी एका शनिवारी उरकतो. कॉलेजात एनसीसीत मिळालेलं प्रमाणपत्र त्याऐवजी चालत नाही. लायसन्सचं जर्मन भाषांतर तिथल्या शपथबद्ध अनुवादकाकडून किंवा एडीएसी या मोटार क्लबकडून करून घ्या. इथल्या कोर्टाजवळ नोटरीचा शिक्का मारून घेतलेलं भाषांतर परत येण्याचीच शक्यता जास्त, आणि तुमच्या एजंटाच्या ‘सगळं इथूनच’मध्ये नेमकं हेच असतं. हे कागद, बायोमेट्रिक फोटो आणि स्कूलचं नाव घेऊन लायसन्स कार्यालयात अर्ज करायचा. मंजुरीला काही आठवडे जातात आणि ती आल्याशिवाय परीक्षेची तारीख मिळत नाही. म्हणजे सहा महिन्यांतले पहिले दोन सामान लावण्यात घालवले तर पुढचं गणित जमत नाही. मुदत संपली म्हणून अर्जाचा हक्क जात नाही, पण मधल्या काळात गाडीला हात लावायचा नाही.

लेखी परीक्षेत ३० प्रश्न असतात. इंग्रजीत देता येते, हिंदीत नाही. चुकांचे गुण मोजतात आणि १० पर्यंत चालतात. यात एक खोच आहे: ५ गुणांचे दोन प्रश्न चुकले तर बेरीज दहाच होते, तरी नापास. हे ५ गुणांचे प्रश्न मुख्यतः कोणाला आधी जाऊ द्यायचं यावरचे, म्हणजे नेमका आपला कच्चा भाग. ज्या चौकात कसलीही पाटी नाही तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यायची. उजवीकडून टेम्पो येवो की सायकल, नियम तोच. सात रस्ता चौकात ज्याचं बंपर पुढे तो आधी जातो. दहा वर्षांची ही सवय तिथे परीक्षेच्या पहिल्या पाच मिनिटांत नडते.

प्रत्यक्ष परीक्षा ५५ मिनिटांची आणि सूचना जर्मनमध्ये. डावीकडे, उजवीकडे, पुढच्या चौकात, उलट वळा, थांबा एवढे शब्द पाठ असू द्या. आपले लोक कुठे अडकतात ते ठरलेलं आहे. लेन बदलताना मान वळवून खांद्यावरून बघत नाहीत. नुसता आरसा पाहिला तर ती चूक धरतात. उजवीकडे वळताना बाजूने सरळ जाणारा सायकलवाला दिसत नाही. सायकलला ओलांडताना शहरात दीड मीटर आणि शहराबाहेर २ मीटर अंतर लागतं. ‘स्टॉप’च्या पाटीपाशी चाक पूर्ण थांबवत नाहीत. वस्तीतल्या ताशी ३० च्या भागात चाळिशीने जातात. आणि ऑटोबानवर शिरताना घाबरून वेग वाढवतच नाहीत, तेही धोकादायक धरलं जातं. गिअर उजव्या हातात येतो, त्याची सवय मात्र दोन-चार तासांत होते. ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली तर लायसन्सवर तसा संकेतांक पडू शकतो आणि मग गिअरची गाडी चालवता येत नाही. अर्जाआधी स्कूलशी हे स्पष्ट बोलून घ्या.

मोटारसायकलचा वर्ग वेगळा, परीक्षा वेगळी, खर्च वेगळा. विद्यार्थी असताना त्या भानगडीत पडू नका.

या विषयावर आणखी दोघा-तिघांनी विचारलंय म्हणून: जर्मनीत राहायला गेल्यानंतर दिवाळीच्या सुट्टीत सोलापुरात येऊन काढलेलं लायसन्स तिथे ग्राह्य नाही. काढलं त्या तारखेला तुमचं वास्तव्य जर्मनीत होतं, एवढं कारण त्यांना पुरतं. लर्निंग लायसन्सही चालत नाही. काढायचं तर जाण्याआधी.

प्रश्न : मुलगा कॅनडात ब्रॅम्प्टनला आहे. तिथे आरटीओचं पत्र आणा म्हणतात. त्याचं लायसन्स २०१८ चं. आम्ही बार्शीला असतो. तो इथे नसताना हे पत्र आम्हाला मिळेल का? पत्राशिवाय काम भागणार नाही का?
— वाचक भगिनी, बार्शी

उत्तर : ताई, ब्रॅम्प्टन ओंटारिओ प्रांतात येतं, तेव्हा नियम ओंटारिओचे. पत्र कशासाठी लागतं ते आधी समजून घ्या, म्हणजे धावपळ करायची की नाही ते ठरवता येईल.

ओंटारिओत नवखा माणूस लेखी परीक्षा देऊन जी-१ हे शिकाऊ लायसन्स घेतो, साधारण वर्षभर थांबून जी-२ ची रस्त्यावरची चाचणी देतो आणि त्यानंतर पूर्ण जी. परदेशातला अनुभव दाखवला की थांबण्याची मुदत कमी होते. शेवटच्या तीन वर्षांत १२ महिन्यांचा अनुभव असेल तर जी-२ ची चाचणी लगेच देता येते. २४ महिन्यांहून जास्त असेल तर थेट जी ची देता येते, पण या दुसऱ्या सवलतीसाठी मूळ कार्डाबरोबर लायसन्स देणाऱ्या कार्यालयाचं किंवा वकिलातीचं लेखी प्रमाण लागतं. मुलाला जी-२ वर समाधान असेल तर पत्रामागे लागू नका. थेट जी हवं असेल तर लागा. मात्र थेट जी ची संधी एकदाच मिळते. नापास झाला की जी-२ च्या चाचणीवर परत यावं लागतं.

आपल्याकडे या कागदाला डीएल एक्स्ट्रॅक्ट म्हणतात. सारथी पोर्टलवर लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकून अर्ज होतो, तेव्हा तो तुम्हीही करू शकता. गाडी अडते ती ओटीपीवर. तो लायसन्सला जोडलेल्या मोबाईलवर जातो. मुलाने जाताना सिम बंद केलं असेल तर आधी मोबाईल नंबर बदलण्याची सेवा घ्यावी लागते. सिम चालू असेल आणि घरच्या फोनमध्ये असेल तर काम सोपं. कागद हातात आला की पाठवण्याआधी एवढं तपासा: नाव पासपोर्टसारखंच आहे का, जन्मतारीख, लायसन्स नंबर, वाहनाचा वर्ग, वैधता, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पहिल्यांदा लायसन्स दिल्याची तारीख. कधी नूतनीकरण किंवा पत्ताबदल झाला असेल आणि कार्डावरची ताजी तारीखच पुढे आली तर सात वर्षांचा अनुभव आठ महिन्यांचा दिसतो. कारची तारीख वेगळी आणि मोटारसायकलची वेगळी असते, हेही पाहा. मोजतात ती कारची. बार्शी एमएच-१३ मध्येच येतं, त्यामुळे काही दुरुस्ती निघाली तर सोलापूरला चक्कर मारावी लागेल.

मुलाला दोन गोष्टी कळवा. ओंटारिओत राहायला आल्यापासून ६० दिवसच भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते. आणि लेखी परीक्षा ४० प्रश्नांची, २० चे दोन भाग, प्रत्येक भागात १६ बरोबर यावे लागतात. एका भागात २० आणि दुसऱ्यात १५ आले तर नापास. रस्त्यावर दोन जागी आपली मुलं चुकतात: चारही बाजूंना ‘स्टॉप’ असलेला चौक, जिथे आधी थांबलेला आधी जातो आणि दोघं एकदम थांबले तर उजवीकडचा, आणि लाल दिवे लुकलुकत उभी असलेली शाळेची बस. रस्त्याच्या मध्ये दुभाजक नसेल तर समोरून येणाऱ्यानेही तिच्यापाशी थांबायचं असतं. आपल्याकडे एसटी थांबली की लोक उजवीकडून काढतात, तसं तिथे केलं तर दंड जबर.

प्रश्न : मी दहा वर्षं ट्रक चालवतो. दुबईत ड्रायव्हरची नोकरी लावून देतो म्हणून एक जण पैसे मागतोय. म्हणतो, हेवीचं लायसन्स आहे तर तिथे फक्त शिक्का मारून मिळतं. खरं आहे का?
— एक वाचक, अक्कलकोट रोड एमआयडीसी

उत्तर : खोटं आहे. दुबईत थेट बदलून मिळणाऱ्या देशांत भारत नाही, आणि ट्रकला तर नाहीच. निवासी व्हिसा लागल्यावर भारतीय लायसन्सवर तिथे स्टिअरिंगला बसता येत नाही. व्हिजिट व्हिसावरचा पाहुणा आयडीपी दाखवून भाड्याची कार चालवतो, ते पाहून लोकांचा गैरसमज होतो.

तिथली रीत अशी. मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग इन्स्टिट्यूटमध्ये फाईल उघडायची, डोळे तपासायचे, एमिरेट्स आयडी आणि लायसन्सचं अधिकृत अरबी भाषांतर द्यायचं. मग ज्ञान चाचणी, यार्डातली चाचणी आणि रस्त्यावरची चाचणी. ज्ञान चाचणी हिंदी किंवा उर्दूत देता येते, मराठीत नाही. कारच्या शिकवणीत अनुभव मोजतात: नवख्याला २० तास, दोन ते पाच वर्षं जुनं लायसन्स असेल तर १५, पाच वर्षांहून जुनं असेल तर १०. २०२३ पासून ‘गोल्डन चान्स’ नावाची सोय आहे. तिच्यात शिकवणी न घेता थेट चाचणी देता येते, पण एकदाच. चुकलात की पैसे गेले आणि नेहमीच्या रांगेत उभं राहायचं. उजव्या बाजूच्या वाहतुकीची सवय नसलेल्याने तीन-चार तासांचा सराव केल्याशिवाय हा डाव टाकू नये. जड वाहनाचा वर्ग वेगळा, त्याची शिकवणी आणि चाचणी वेगळी.

निघण्याआधी कार्ड काढून बघा. त्यावर वैधतेच्या दोन तारखा असतात, खाजगी आणि ट्रान्सपोर्ट. ट्रान्सपोर्टची मुदत पाच वर्षांची. ती उलटून गेली असेल तर कागदावर तुमचा हेवीचा अनुभव तिथेच तुटलेला दिसतो. आधी ती वाढवून घ्या.

पैशांचं म्हणाल तर आधी त्या माणसाचा ई-मायग्रेट या परदेशी नोकरभरतीच्या सरकारी पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक मागा आणि तिथे ताडून पाहा. नोकरीच्या करारात तीन गोष्टी लेखी हव्यात: लायसन्सचा खर्च कोण करणार, ते हातात येईपर्यंतच्या महिन्यांचा पगार काय, आणि चाचणीत नापास झालात तर दुसऱ्या खेपेचे पैसे कोणाचे. पहिल्या वर्षी मालकाशी खटके उडतात ते याच तिसऱ्या मुद्द्यावर. या तीन ओळी कागदावर येत नसतील तर पैसे देऊ नका.

प्रश्न : मुलगी नर्स आहे, वेल्समध्ये कार्डिफला. जाऊन दहा महिने झाले. भारतीय लायसन्सवर गाडी चालवते. बारा महिन्यांनी ते बंद होतं म्हणतात. आता दोन महिन्यांत काय होऊ शकतं?
— एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर : दोन महिन्यांत पूर्ण लायसन्स हातात येणं कठीण. प्रॅक्टिकलच्या तारखांना तिकडे मोठी रांग आहे. पण आज हललात तर हानी कमी होईल.

आजच गव्ह डॉट यूके या तिथल्या सरकारी संकेतस्थळावर प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ, लायसन्सचा अर्ज करायला सांगा. ऑनलाइन ३४ पौंड, टपालाने ४३. गेल्या तीन वर्षांचे पत्ते विचारतात, त्यात सोलापूरचा पत्ताही येईल, तोही तारखांसकट लिहायचा. प्रोव्हिजनल आलं म्हणून भारतीय लायसन्सची उरलेली मुदत संपत नाही. बारा महिने पूर्ण होईपर्यंत ती आजच्यासारखी एकटी चालवू शकते. त्यानंतर मात्र ती शिकाऊ: गाडीला पुढेमागे ‘एल’ (वेल्समध्ये ‘डी’ही चालतो), आणि शेजारी २१ वर्षांवरचा, तीन वर्षं तिथलं लायसन्स असलेला माणूस. विमा कंपनीला हा बदल त्याच दिवशी कळवायचा. नाहीतर अपघात झाला तर कंपनी हात वर करते, आणि ते दुखणं लायसन्सपेक्षा मोठं. रात्रपाळीला जायला-यायला बसची किंवा सहकाऱ्याबरोबरची सोय आतापासून बघून ठेवा.

प्रोव्हिजनल मिळताच थिअरीची तारीख घ्यायची, फी २३ पौंड. ५० पैकी ४३ उत्तरं बरोबर लागतात. दुसरा भाग व्हिडिओचा: १४ चित्रफिती, धोका दिसू लागताच क्लिक करायचं, ७५ पैकी ४४ गुण. भराभर किंवा एका लयीत क्लिक करत राहिलं तर त्या फितीचे शून्य गुण मिळतात. हुशार मुलं इथेच गळतात, कारण नियमांचं पाठांतर होतं आणि व्हिडिओचा सराव राहून जातो. थिअरीचा निकाल दोन वर्षं चालतो, त्या मुदतीत प्रॅक्टिकल पास व्हायला हवं.

प्रॅक्टिकल आठवड्याच्या दिवशी ६२ पौंड, संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी ७५. तारीख ‘लवकर मिळवून देणारे’ दलाल तिकडेही आहेत, त्यांना जास्तीचे पैसे देऊ नका. रद्द झालेल्या तारखा सरकारी संकेतस्थळावर स्वतः पाहत राहिलं तर मिळून जातात. चाचणीची सुरुवात २० मीटरवरून नंबरप्लेट वाचण्याने होते. चष्मा असेल तर तो घालूनच. किरकोळ चुका १५ पर्यंत माफ, गंभीर एकही नाही. डावीकडून चालवण्याची सवय आहे म्हणून आपण निवांत असतो आणि राउंडअबाउटला सापडतो: उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, लेन आत शिरण्याआधीच ठरवायची. शिवाय वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा आहे. आणि हॉर्न! तिकडे तो धोक्याच्या इशाऱ्यापुरता, वस्तीत रात्री साडेअकरा ते सकाळी सात चालत्या गाडीतून वाजवणं बेकायदा.

प्रश्न : वय ५८. माझ्याकडे १९९६ चं पुस्तकी लायसन्स आहे, हाताने लिहिलेलं, मुदत २०१७ ची. मुलाकडे कॅलिफोर्नियाला पाच महिने जायचंय. यावर आयडीपी मिळेल का?
— एक वाचक, पंढरपूर

उत्तर : मिळणार नाही. आयडीपी वैध लायसन्सवरच मिळतो आणि तुमची मुदत टळून बराच काळ लोटला आहे. मुदत संपून एक वर्षाच्या आत नूतनीकरण झालं असतं तर चाचणी टळली असती, आता ती द्यावी लागेल. त्याआधी जुन्या पुस्तकाची नोंद सारथीत आहे का ते बघा. नसेल तर आरटीओत बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागते, त्यासाठी मूळ पुस्तक न्या. चाळिशी उलटलेल्यांना फॉर्म १-ए वर डॉक्टरांचं प्रमाणपत्रही लागतं. तिकीट काढण्याआधी तीनेक महिने कामाला लागा.

कॅलिफोर्निया पाहुण्यांना त्यांच्या देशाच्या वैध लायसन्सवर गाडी चालवू देतं, नुसत्या आयडीपीला तिथे लायसन्स मानत नाहीत. म्हणजे तुमचं खरं काम इथलं लायसन्स जिवंत करणं हे आहे. मुलाच्या गाडीच्या विम्यात तुमचं नाव चढवायला विसरू नका.

प्रश्न : लायसन्सवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. सिडनीला जातेय. अडेल का?
— एक वाचक, नीलमनगर

उत्तर : अडेल. सारथीवर नावबदलाचा अर्ज करून नवं कार्ड येऊ द्या, मगच आयडीपी काढा. वेळ नसेल तर विवाह नोंदणीचा इंग्रजी दाखला मूळ प्रतीत बरोबर न्या. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स राज्यात कायम वास्तव्याच्या व्हिसावर असाल तर ३ महिन्यांत, तात्पुरत्या व्हिसावर असाल तर ६ महिन्यांत तिथलं लायसन्स घ्यावं लागतं. दुसरा नियम जुलै २०२३ पासूनचा आहे, तिथल्या जुन्या ओळखीच्यांना तो ठाऊक असेलच असं नाही. ज्ञान चाचणी आणि गाडीची चाचणी, दोन्ही. यात मोठा धोका असा की गाडीच्या चाचणीत नापास झालात तर भारतीय लायसन्सवर चालवण्याची मुभाही त्याच दिवशी जाते. ‘बघू तरी देऊन’ म्हणून जाऊ नका, स्थानिक शिक्षकाचे दोन-तीन तास घ्या.

प्रश्न : जर्मनीत आठ वर्षं राहून कायमचा परत आलोय. तिथे लायसन्स बदलताना भारतीय कार्ड त्यांनी ठेवून घेतलं. आता इथे जर्मन लायसन्सवर चालवू का? एक जण म्हणतो, ‘हरवलं’ अशी पोलिसात तक्रार दे आणि डुप्लिकेट काढ.
— एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : खोटी तक्रार देऊ नका, त्याची गरजही नाही. कार्ड तिकडे राहिलं तरी नोंद सारथीत आहे. तिथे लायसन्स नंबर टाकून वैधता बघा. मुदत शिल्लक असेल तर जर्मन कार्यालयाचं, कार्ड जमा करून घेतल्याचं पत्र ईमेलने मागवा आणि ते जोडून खरं कारण लिहून दुसऱ्या प्रतीचा अर्ज करा. मुदत संपत आली असेल तर नूतनीकरणच करा. ते मुदतीआधी एक वर्षापासून करता येतं, नवं कार्ड त्यातच मिळतं.

मुदत संपून वर्ष उलटलं असेल तर जर्मन लायसन्स उपयोगी पडेल. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ९ मध्ये परदेशातल्या सक्षम अधिकाऱ्याने दिलेलं लायसन्स असलेल्याला, वैद्यकीय प्रमाणपत्राच्या अटीवर, त्याच वर्गाच्या वाहनासाठी चाचणीतून सूट आहे. खिडकीवर हे सगळ्यांना ठाऊक असतंच असं नाही. कलमाची छापील प्रत आणि जर्मन लायसन्सचं इंग्रजी भाषांतर घेऊन जा. सूट जर्मन कार्डावर असलेल्या वर्गापुरतीच आहे. मोटारसायकलचा वर्ग जर्मन कार्डावर नसेल तर तिची चाचणी इथे द्यावीच लागेल. जर्मन कार्ड मात्र कुठे जमा करू नका, परत जायची वेळ आली तर त्या सगळ्या परीक्षा पुन्हा द्यायला नकोत.

प्रश्न : इंटरनेटवर तीन वर्षांचा आयडीपी विकतात, दोन दिवसांत घरपोच. घ्यावा का?
— एक वाचक, अशोक चौक

उत्तर : नाही. भारतीय लायसन्सवरचा आयडीपी एक वर्षाचाच असतो, आणि लायसन्सची मुदत त्याआधी संपत असेल तर तिथपर्यंतच. तीन वर्षं छापलेली पुस्तिका म्हणजे रंगीत कागद. भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर ती कदाचित खपेल, अपघातानंतर विमा कंपनीपुढे खपणार नाही. परदेशात असताना आयडीपी संपला तर २०२१ पासून भारतीय दूतावासामार्फत नव्याचा अर्ज करता येतो. तो आपल्याच आरटीओकडे येतो आणि पुस्तिका कुरिअरने तिकडच्या पत्त्यावर जाते.